गिरेडरचा कापूस

आमच्या गिरेडरला गाण्याचा भारी नाद होता, असं गावात अजून म्हणतात. ते खोटं आहे. एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकताना मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याला गाणं नको असायचं, आवाज हवा असायचा. त्याच्याकडे एका सारंगीवाल्याची सीडी होती. तो सारंगीवाला वाजवता वाजवता एका ठिकाणी थांबतो आणि पुढं सुरू करण्याआधी श्वास घेतो, असं गिरेडरचं म्हणणं. तेवढाच तुकडा तो लावायचा. मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. सारंगीवाला बिचारा वर्षानुवर्षं आमच्या मागच्या खोलीत श्वासच घेत बसला. पुढं वाजवू म्हणून दिलं नाही त्याला.

तो संग्रामपूरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. आमच्या वरवट बकालात त्या शब्दाचं गिरेडर झालं आणि तेच त्याचं नाव पडलं. मीसुद्धा समोर साहेब म्हणायची आणि मागे गिरेडर. शेतकऱ्याची गाडी आली की तो कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, दोन्ही चिमटींत धरून धागा ओढायचा आणि प्रत सांगायचा. प्रतीवर भाव. म्हणून तालुक्यातला प्रत्येक माणूस त्याला नमस्कार करायचा आणि पाठ वळली की शिव्या द्यायचा. त्याला दोन्हीचं काही वाटत नसे, कारण तो प्रत कोणासाठी बदलत नसे. एकदा माझाच कापूस त्यानं खालच्या प्रतीत टाकला. दवात वेचला, ओला आहे, म्हणाला. होताच ओला. मी त्या महिन्यात त्याला एकदाही भाजी दिली नाही, आणि त्यानं एकदाही मागितली नाही.

हाताला सवय अशी लागली होती की घरातही तो प्रत लावायचा. भाकरी चांगली झाली की ‘सुपर’. वरण पातळ झालं की ‘फरदड’. फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा कापूस, पिवळा, मेलेला, कोणी घेत नाही असा. माझी नणंद आली होती तेव्हा ती गेल्यावर त्यानं तिलाही फरदड म्हटलं. त्यात मात्र मला काही चूक दिसली नाही.

बायको अकोल्याला शाळेत शिकवायची. ती तिकडेच राहायची. हा महिन्यातून एकदा जायचा आणि तिच्यासमोर सीडीचं नाव काढायचा नाही. आमच्या मागच्या दोन खोल्या त्याच्याकडे भाड्यानं होत्या. लहान खोलीत तो राहायचा आणि मोठ्या खोलीत यंत्र राहायचं. सीडी प्लेयर, अ‍ॅम्प्लिफायर आणि भिंतीशी स्पीकरचे दोन लाकडी बॉक्स. त्यांच्यासमोर एक खुर्ची. खुर्चीचे पाय जिथं ठेवायचे तिथं त्यानं फरशीवर खडूनं खुणा केल्या होत्या. त्या मी सारवताना, म्हणजे पुसताना, पुसल्या की दोन दिवस बोलायचा नाही.

हंगामात लोक त्याच्याकडे मुद्दाम ऐकायला यायचे. टोपी काढून खाली बसायचे. हा तुकडा लावायचा आणि विचारायचा, ऐकू आला का श्वास? सगळे मान डोलवायचे. आमच्या शेजारचा शेषराव तर म्हणाला की श्वास ऐकू आलाच, वरून त्या माणसानं पान खाल्लेलं आहे हेसुद्धा समजून राह्यलं. दुसऱ्या दिवशी शेषरावची गाडी केंद्रावर गेली. गिरेडरनं हात घातला, धागा ओढला आणि जी होती तीच प्रत दिली. शेषरावला पुढं कधी पानाचा वास आला नाही.

मग एकदा त्यानं मला बोलावलं. मी हातातलं सूप घेऊनच गेले. खुर्चीवर बसवलं, तुकडा लावला.

“आला का, काकू?”

“मले नाई आला.”

“नीट ऐका.”

“नीटच ऐकलं. डास ऐकू आला.”

मला वाटलं रागावेल. तो उलट खूश झाला. म्हणाला, या गावात खरं बोलणारे एकच कान आहेत. त्या दिवसापासून बाकी कोणाला विचारणं त्यानं बंद केलं आणि माझ्या मागे लागला. मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येतो ना, मग झालं. माझ्या कानाचं काय घेऊन बसलात? तर म्हणाला, “एकट्याले ऐकू आलं तर तो भास असते काकू. दोघाले आलं तर आवाज.”

झालं. काकूला श्वास ऐकवायचा, हेच त्या माणसाचं आयुष्य होऊन बसलं.

आधी त्यानं वीज धरली. आमचा भाग खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गिरेडर म्हणायचा की इथली वीजही खारी आहे. सगळ्यांचे मोटारपंप चालू असले की तारेतून गाळ येतो आणि तो आवाजात उतरतो. म्हणून तो पंप बंद असायची वाट पाहायचा आणि भर दुपारी, मी जेवून जरा आडवी झाले की, दार वाजवायचा. चला काकू, लाइन गोड आली.

मग त्यानं दगड धरला. यंत्र हलतं म्हणून आवाज हलतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं. माझं जुनं जातं कोपऱ्यात पडून होतं. मी शेतात गेलेली असताना त्यानं जात्याची खालची तळी उचलून नेली आणि प्लेयर त्यावर बसवला. मला पत्ता नाही. पुतणीच्या लग्नात हळद दळायला बायका जमल्या, गाणी सुरू झाली, जात्याला सूत बांधायचं तर जातं अर्धंच. शोधाशोध केली तेव्हा तळी यंत्राखाली असल्याचं कळलं. सगळ्या बायका कुंकू घेऊन गिरेडरच्या खोलीत गेल्या. तो म्हणाला, हळद इथंच दळा, पण यंत्र उतरवू नका, फार मुश्किलीनं तोल साधला आहे. नवरीच्या आईनं यंत्र उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. हळद दळून होईपर्यंत तो तसाच बसून होता. बायकांनी जात्याबरोबर त्यालाही कुंकू लावलं.

एवढं करूनही मला काही ऐकू येईना. तेव्हा त्यानं ठरवलं की प्लेयरच बदलायचा. लोक बॉक्स बदलतात, वायरी बदलतात, ते चूक आहे, असं त्याचं मत. “झिऱ्यातच पाणी खारं असंल तर माठ बदलून काय उपयोग?” सीडीवरून आवाज जिथं पहिल्यांदा उचलला जातो तीच जागा चांगली पाहिजे. बजेट मध्यम, हे तो रोज सांगायचा. लखपतीचं यंत्र नको आणि बाजारातलं डबडंही नको, त्या दोघांच्या मधलं. त्या मध्यम बजेटात बायकोनं कूलर घ्यायला दिलेले पैसेही होते, हे मला नंतर उन्हाळ्यात समजलं, जेव्हा तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायला लागला.

मलकापूरला स्टेशनजवळ रहीमभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी मुंबईहून कोणाच्या तरी घरातला जुना, पण भारी कंपनीचा प्लेयर मागवून दिला. गिरेडरनं त्यांना विचारलं म्हणे, इसमें श्वास आयेगा क्या? रहीमभाई म्हणाले, साहब, पहले बिजली तो आने दो. लोडशेडिंग होतं. संध्याकाळपर्यंत दोघं यंत्राकडे बघत बसले.

एसटीनं येताना त्यानं यंत्रासाठी वेगळं तिकीट काढलं. गाडी भरली तशी कंडक्टरनं हुज्जत घातली, पण तिकीट होतं, काय करणार. वाटेत एक पोटुशी बाई चढली. गिरेडर लगेच उठला आणि तिला स्वतःची जागा दिली. वरवटपर्यंत तो उभा आला आणि यंत्र खिडकीशी बसून आलं.

आता कापसाचं सांगते.

बीटीचं बियाणं आलं त्या सुरुवातीच्या वर्षांत कापूस घरात मावेनासा झाला. पुढं त्याची रया गेली, औषधांचा खर्च वाढला, लाल्या रोग आला, पण तेव्हा झाडं बोंडांनी वाकत होती. आधी ओसरीत मावायचा तो आता आढ्याला टेकू लागला. म्हणून आमच्याकडे भाड्यानं खोली देतानाच सांगून ठेवतात की दिवाळीनंतर आमचा कापूस तुमच्या खोलीत येईल. भाडेकरूही हो म्हणतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. गिरेडरच्या मोठ्या खोलीत माझा कापूस दरवर्षी थोडाफार असायचा. नवा प्लेयर आला त्या वर्षी तीन भिंती झाकून गेल्या आणि मधे खुर्चीपुरती जागा उरली. मी दाराशी पाण्याची बादली ठेवली आणि बजावलं, खटका बंद केल्याशिवाय खोलीबाहेर पाय ठेवायचा नाही, एक ठिणगी पडली तर तुम्ही, मी आणि सारंगीवाला तिघंही जाऊ. तो अंग खाजवत आणि शिंकत हो म्हणाला.

आणि त्यानं मला बोलावलं.

मी नेहमीसारखी बसले. सारंगी वाजली, थांबली. आणि कोणीतरी माझ्या कानाशी नाकानं श्वास घेतला. मी मागे वळून पाहिलं. मागे कापूस होता.

“कोणाले तरी सर्दी झालेली दिसते,” मी म्हटलं.

तो माणूस खालीच बसला. मग उठून बाहेर गेला आणि जो दिसेल त्याला पेढे वाटत सुटला. लोकांना वाटलं बदली झाली.

पुढं मी कापूस विकला, टेम्पो भरून गेला. थोड्या दिवसांनी गिरेडरनं बायकोला अकोल्याहून बोलावलं, कूलरचं काय झालं ते एकदाचं दाखवायला. साक्षीदार म्हणून मी. तुकडा लावला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

“आज नाई आला,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. खोटं मी बोलत नाही हे त्यालाच माहीत. बायको त्याच दिवशी परत गेली. दुसऱ्या दिवशी हा प्लेयर घेऊन मलकापूरला. रहीमभाईंनी उघडला, भिंग पुसलं, काही नाही म्हणाले. पुन्हा नेला, पुन्हा काही नाही. शेवटी त्यांनी दुकानात आणूच नका म्हणून हात जोडले. हा म्हणायचा यंत्र बिघडलं, ते म्हणायचे साहेब बिघडले.

मग एक दिवस तो त्या रिकाम्या खोलीत शिंकला. मी अंगणात होते. शिंक ऐकू आली आणि पाठोपाठ तिचा घुमारा. मग टाळी वाजली. मग आणखी टाळ्या, कोपऱ्याकोपऱ्यात. मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. तो धावत बाहेर आला. दिवसभर कापसात हात घालणारा माणूस, पण कापूस आवाजाला काय करतो हे त्याला शिंक आल्यावर समजलं. भिंतींवरून आवाज उलटा येऊन सगळं गढूळ करत होता. कापसानं तो उलटा येणारा आवाज पिऊन टाकला होता. यंत्रात फरक होता, पण तो ऐकायला खोलीनं गप्प बसायला हवं होतं.

मी म्हटलं, गाद्या लावा भिंतीला. त्यानं लावल्या. म्हणाला, दाबलेल्या कापसात ती गंमत नाही, मोकळा सरकीसकटचाच पाहिजे. आता वर्षभर तो माझ्या शेताची काळजी माझ्याहून जास्त करू लागला. पाऊस लांबला की मला धीर द्यायचा.

पुढच्याच हंगामात भाव चढायला लागले. असे चढले की जुनी माणसंही घाबरली. व्यापारी टेम्पो घेऊन दारात येऊ लागले. खरेदी केंद्राकडे कोणी फिरकेना, कारण तिथला भाव खाली राहिला. गिरेडर रिकामा. सबंध दिवस खोलीत, आणि खोलीत माझा त्या वर्षीचा सगळा कापूस. त्याच्या जन्मात एवढं सुख त्याला मिळालं नव्हतं. श्वास तर आता मला स्वयंपाकघरातूनही ओळखू यायचा.

कापूस कोणी विकत नव्हतं. आज विकला तर उद्या जास्त मिळाले असते, या भीतीनं सगळे धरून बसले. शेषरावनं तर पुढची खोली, मागची खोली, सगळं भरून घेतलं आणि कुटुंब अंगणात झोपवलं. माझ्या मनात मात्र चलबिचल होती. वर्षाची सगळी कमाई त्या खोलीत, आणि शेतावर ना धनी ना मुलगा. एक मेला, एक पुण्याला. म्हणून एका संध्याकाळी मी गिरेडरला ओसरीवर बोलावलं. शेषरावही कुंपणाशी येऊन उभा राहिला. मी सरळ विचारलं, “साहेब, विकू का थांबू?”

एक शब्द बोलायचा होता त्याला. थांबा. सगळं गाव तेच म्हणत होतं, मीही ऐकलं असतं, आणि उन्हाळाभर त्याचा कापूस, म्हणजे माझा कापूस, जागेवर राहिला असता. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मी घाई केली नाही.

“विका,” तो म्हणाला. “उद्याच विका. मलकापुरात जिनिंगमदी गाठींच्या थप्प्या लागून राह्यल्या, उचल नाई. हा भाव टिकत नाई.”

“अन् तुमचं काय?”

“मी प्रत सांगून राह्यलो काकू. माह्यं इथं काई नाई.”

शेषराव कुंपणावरून हसला. हा सरकारी माणूस, भाव पाडायलेच बसला हाये, म्हणाला. सीडीच्या बाबतीत जे हो हो म्हणत होते, ते कापसाच्या बाबतीत सगळे नाही म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावला. गिरेडरनं स्वतः गडी लोकांबरोबर कापूस भरला. खोली झाडूनही दिली.

मग भाव पडले. आधी थोडे पडले तेव्हा लोक म्हणाले पुन्हा चढतील. मग असे पडले की व्यापाऱ्यांचे टेम्पो दिसेनासे झाले, आणि खरेदी केंद्रही हंगाम संपला म्हणून बंद झालेलं. उन्हाळा तापला आणि घराघरांत कापूस तसाच. लेकरांना खाज, उंदीर, धूळ, आणि बायका उघड्यावर चुली मांडून.

शेषराव एक दिवस आमच्याकडे आला. मला वाटलं तोंड लपवेल, पण तो तसा माणूस नव्हता. गिरेडरला म्हणाला, “साहेब, तुमची खोली तर रिकामी झाली. माह्या घरी आणा ते यंत्र. कापूस पडूनच हाये, काई तरी उपयोग होऊ द्या त्याचा.”

गिरेडरनं यंत्र हातगाडीवर घालून नेलं. शेषरावचं सगळं घर कापसाच्या ढिगावर चढून बसलं. तुकडा लावला, आणि या वेळी सगळ्यांना खरोखर ऐकू आलं. शेषराव म्हणाला, अरे, हाये की बे हा. म्हणजे आधीची पानाची गोष्ट थाप होती, हे त्यानं त्या दिवशी स्वतःच कबूल केलं. मग बातमी पसरली. आज या घरी, उद्या त्या घरी. गिरेडर हातगाडी घेऊन गावभर फिरू लागला, नव्या जावयासारखा. कोणत्या घरात श्वास कसा येतो याच्या प्रती लावू लागला. मला ते बरं वाटत नव्हतं. घर जितकं भरलेलं तितका आवाज चांगला, आणि घर जितकं भरलेलं तितकी त्या घरची गत वाईट. पण हे त्याला सांगायला मी गेले नाही. त्याच्या कानात सारंगी होती.

सांगितलं ते शेषरावच्या बायकोनं. कांता तिचं नाव, कमी बोलणारी बाई. तिच्याकडे तो दुसऱ्यांदा यंत्र घेऊन गेला तेव्हा मीही होते. शेषराव बी-बियाण्याच्या दुकानात उधारीचं बोलायला गेला होता. तुकडा संपला. गिरेडरनं तिला विचारलं, वैनी, आला का श्वास?

“आला,” ती म्हणाली. “मले रोजच येते. हे आढ्याकडं पाह्यत पडून राह्यतात अन् असाच श्वास घेतात.”

ती एवढंच बोलली आणि भांडी घासायला बाहेर गेली. रागानं नाही बोलली. विचारलं म्हणून सांगितलं.

गिरेडरनं खटका बंद केला. वायरी गुंडाळल्या. हातगाडी मी ढकलत आणली, कारण तो नुसताच चालत होता.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीनं मलकापूरला गेला. जिनिंगवाले, अडते, ज्यांच्याशी इतकी वर्षं तो ताठ वागला, त्यांच्या दारात जाऊन बसला. त्यांनी टोमणे मारले असणार, त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला एक टेम्पो बरोबर घेऊन आला. व्यापारी म्हणायचा, सगळा माल खराब झाला, फरदडच्या भावानं द्या. गिरेडर कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, धागा ओढून त्याच्या नाकासमोर धरायचा आणि खरी प्रत सांगायचा. जो खराब होता त्याला खराबच म्हणायचा. म्हणून व्यापाऱ्यालाही मानावं लागायचं. असं एकेक घर त्यानं रिकामं केलं. ज्या घरात आवाज सगळ्यात चांगला, ते घर आधी.

शेषरावचं घर सगळ्यात आधी रिकामं झालं, तेव्हाच आभाळ भरून येऊ लागलं होतं. भाव काही फार मिळाला नाही. पण कापूस भिजायच्या आत गेला, आणि बियाणं घ्यायला हातात काहीतरी आलं. कांतानं पुढची खोली धुऊन काढली आणि लेकरं आत झोपवली.

गावातला शेवटचा टेम्पो गेल्यावर गिरेडर आमच्या ओसरीवर येऊन बसला. सगळ्या अंगाला कापूस, भुवयांनाही. एकेक पुंजका काढून पायाशी ठेवत राहिला.

“काकू,” तो म्हणाला, “आता अख्ख्या गावात ऐकाले एकबी खोली राह्यली नाई.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

त्यानं भुवईवरचा आणखी एक पुंजका काढून पायाशी ठेवला.

“हाव,” म्हणाला. “बरंच झालं.”